कॅम्परव्हॅन की बस? आधी रात्रींची यादी करा

न्यूझीलंडच्या तीन-चार आठवड्यांच्या सहलीसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यावी की बसने फिरावं, हा प्रश्न बहुतेक जण दिवसाच्या बाजूने सोडवायला घेतात. कुठली ठिकाणं पाहायची, अंतरं किती, बस तिथवर जाते का, वाटेत हवं तिथे थांबता येईल का. हे सगळं विचारायला हवंच, पण एवढ्याने निर्णय होत नाही. कारण दिवसा कॅम्परव्हॅन म्हणजे एक अवजड, संथ आणि इंधन खाणारी मोटार, दुसरं काही नाही. ते काम साधी भाड्याची कार अधिक चांगलं करते. व्हॅनसाठी आपण जे जादा पैसे मोजतो ते रात्रीचे असतात. जिथे हॉटेल नाही, हॉस्टेल नाही, शेवटची बस दुपारीच निघून गेली आहे, अशा ठिकाणी पांघरूण ओढून झोपता येण्याचे. म्हणून पाहण्याच्या ठिकाणांची यादी थोडी बाजूला ठेवा आणि मुक्कामाच्या रात्रींची यादी करा. तीत ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, क्वीन्सटाउन अशी गावंच भरली असतील, तर व्हॅनचा नाद सोडलेला बरा. गावाबाहेरच्या जागा जास्त असतील, तर मग बसचा पास कितीही स्वस्त दिसला तरी तो तुमच्या कामाचा नाही.

मिलफर्ड साउंडचं उदाहरण घेऊ. दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला डोंगरात शिरलेली ही समुद्राची चिंचोळी खाडी जवळपास प्रत्येक पर्यटकाच्या यादीत असते. क्वीन्सटाउनहून रस्त्याने ती सुमारे २९० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे चार तास. तिथून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बसला नौकाफेरी धरून बारा-तेरा तास लागतात. साहजिकच या बसगाड्या सकाळी निघून दुपारच्या सुमारास एकदमच पोहोचतात, आणि धक्क्यावर त्याच दोन-तीन तासांत सगळी गर्दी होते. आता व्हॅनवाल्याचा दिवस पाहा. ते आनाउ गावाच्या पुढे, एग्लिंटन नदीच्या खोऱ्यात, निसर्गसंवर्धन खात्याचा कॅस्केड क्रीक नावाचा तळ आहे. तिथून मिलफर्ड तासाभराच्या अंतरावर. तिथे रात्र काढणारा माणूस सकाळी होमर बोगदा ओलांडून पहिल्या नौकेला हजर असतो, आणि क्वीन्सटाउनच्या बसगाड्या येईपर्यंत परतीला लागलेला असतो. खाडी दोघांनी पाहिली, रस्ताही तोच. फरक पडला तो आदल्या रात्रीमुळे. आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल हा असाच तळ आहे. हूकर खोऱ्याची पायवाट तिथूनच सुरू होते. हा भाग २०१२ मध्ये जाहीर झालेल्या आओराकी मॅकेन्झी आंतरराष्ट्रीय गडद आकाश राखीव क्षेत्रात येतो. याच क्षेत्रातल्या टेकापो गावाला जाणारी बस तुम्हाला तळ्याकाठचं छोटं दगडी चर्च दाखवते, पण दिवसा. आकाशगंगा पाहायची तर तिथे रात्री असावं लागतं.

याच कसोटीवर उत्तर बेट लावून पाहिलं की निकाल उलटा येतो. रोटोरुआचे गरम पाण्याचे झरे आणि माओरी संस्कृतीची केंद्रं गावात किंवा गावाला लागून आहेत. हॉबिटनचा चित्रपटसंच मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीतूनच पाहता येतो. गाडी तुमची असली तरी शेवटचा टप्पा त्यांच्याच बसमधून. टोंगारिरोची प्रसिद्ध डोंगरवाट सुमारे २० किलोमीटरची आणि एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरणारी, म्हणजे चालून झाल्यावर तुमची व्हॅन डोंगरापलीकडे. शिवाय हंगामात सुरुवातीच्या वाहनतळावर चार तासांपेक्षा जास्त वेळ गाडी ठेवता येत नाही, आणि चालायला तर सात-आठ तास लागतात. त्यामुळे व्हॅनवालेही तिथे मुकाट्याने शटल बसचं तिकीट काढतात. वेलिंग्टनच्या चढउतारांच्या अरुंद रस्त्यांवर सात मीटर लांबीची गाडी लावायला जागा शोधणं हा एक स्वतंत्र कार्यक्रमच. उत्तर बेटातही कोरोमंडलचा किनारा, ईस्ट केप अशा व्हॅनच्या जागा आहेत. पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या यादीत त्या क्वचितच असतात.

व्हॅनच्या बाजूने सगळ्यात जोरात सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे 'वाटेल तिथे गाडी उभी करा आणि झोपा, फुकट'. हे चित्र आता खरं राहिलेलं नाही. मोकळ्या जागी फुकट मुक्कामाला तिथे फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात. त्याचा कायदा २०११ चा, आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. स्थानिक परिषदांच्या जागेवर अशा रीतीने राहायचं तर गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असावी लागते, म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय. सीटखालून ओढून काढायचं प्लॅस्टिकचं शौचालय पूर्वी चालून जायचं, आता नव्या नियमांत ते बसत नाही. प्रमाणपत्राची हिरवी चिठ्ठी गाडीवर दिसावी लागते. त्यातही कुठे थांबता येईल, किती रात्री, किती गाड्या, हे प्रत्येक परिषद आपापल्या हद्दीत ठरवते. क्वीन्सटाउनसारख्या गर्दीच्या भागात तर हे नियम फारच काटेकोर. दंड शेकडो डॉलरचा असतो, आणि भाड्याच्या गाडीचा दंड कंपनी तुमच्या कार्डावरून वसूल करते, वर आपलं प्रक्रियाशुल्क लावते. म्हणजे गादी टाकलेली जी सर्वांत स्वस्त छोटी व्हॅन आपल्याला जाहिरातीत भुरळ घालते, तिला बहुधा फुकट जागाच मिळत नाही; तिचा मुक्काम पैसे भरूनच. हिशेबात फुकटच्या रात्री धरूच नका. एखादी मिळाली तर तो नफा.

आता तो हिशेब. बसच्या बाजूला बसभाडं अधिक निवास, व्हॅनच्या बाजूला फक्त गाडीभाडं, अशी तुलना सर्रास केली जाते आणि ती चुकते. व्हॅनच्या रकान्यात गाडीभाड्याखाली आणखी चार ओळी येतात. पहिली इंधनाची. मोठ्या व्हॅनला १०० किलोमीटरला बारा लिटरच्या आसपास डिझेल लागतं; २,५०० किलोमीटरच्या फेरीला ३०० लिटर झालं. दुसरी ओळ रस्ताकराची. तिथे डिझेल गाड्यांचा रस्ताकर पंपावरच्या दरात नसतो, तो दर १,००० किलोमीटरमागे वेगळा भरावा लागतो, आणि भाड्याच्या व्हॅनचं हे बिल बहुतेकदा गाडी परत करताना हातात पडतं. तिसरी ओळ विम्याची. मूळ भाड्यात विमा असतो, पण अपघात झाल्यास पहिले काही हजार डॉलर तुमचे. ही जबाबदारी शून्यावर आणायची तर रोजचा वेगळा हप्ता, आणि तो छोट्या व्हॅनच्या निम्म्या भाड्याइतकाही होऊ शकतो. चौथी ओळ तळांची. संवर्धन खात्याचे अगदी साधे तळ फुकट किंवा स्वस्त असतात, पण वीजजोडणी, गरम पाणी, कपडे धुण्याचं यंत्र हवं असेल तर खासगी हॉलिडे पार्क गाठावं लागतं. दोन-तीन रात्रींतून एकदा तरी ते गाठावं लागतंच. बसच्या बाजूला ओळी कमी. इंटरसिटी या देशभर चालणाऱ्या बससेवेच्या फ्लेक्सीपासमध्ये तिकिटं नव्हे, तर प्रवासाचे तास विकत घेता येतात आणि ते हवे तसे वापरता येतात. ऑकलंड ते वेलिंग्टन साधारण अकरा तास जातात, तसा अंदाज आधीच बांधता येतो. हा सगळा हिशेब माणशी मांडला की चित्र स्पष्ट होतं. एकट्या माणसाला व्हॅन कधीच परवडत नाही, कारण भाडं गाडीचं असतं, माणसाचं नसतं. दोघं असतील तर तोल जवळपास सारखा, म्हणजे पैशावरून निर्णय होतच नाही. चौघांच्या कुटुंबाला मात्र चार बसभाडी आणि दोन खोल्यांपुढे व्हॅन बरी दिसू लागते.

आपल्याकडची मंडळी व्हॅनकडे वळतात त्याचं आणखी एक कारण म्हणजे जेवण. शाकाहारी माणसाला दक्षिण बेटाच्या लहान गावांत संध्याकाळी मिळून काय मिळणार, बटाट्याचे तळलेले काप आणि चीज घातलेला एखादा पदार्थ. त्यापेक्षा आपली खिचडी बरी. खिचडी बरीच, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी व्हॅनच लागते हा समज चुकीचा आहे. तिथल्या हॉस्टेलांत आणि हॉलिडे पार्कांत सामायिक स्वयंपाकघर असतं, शेगड्या, भांडी, फ्रिज सकट. मोटेलच्या खोल्यांतही बहुधा ओटा असतोच. उलट व्हॅनमधला स्वयंपाक प्रत्यक्ष कसा होतो ते पाहा. दोन बर्नरची गॅसशेगडी, तिच्यापासून हाताच्या अंतरावर पलंग. बाहेर पाऊस, म्हणून दार बंद. मोहरी तडतडली, लसूण पडला, हिंग पडला, की तो वास उशीच्या अभ्र्यात जाऊन बसतो आणि पुढचे चार दिवस उतरत नाही. जाणते लोक फोडणीचं काम हॉलिडे पार्कच्या स्वयंपाकघरात उरकतात आणि व्हॅनमध्ये फक्त चहा, पोहे आणि गरम करण्यापुरतं ठेवतात. सामानाचं म्हणाल तर ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात भारतीय किराणा भरपूर मिळतो. इथून मसाले, लोणची, फराळ नेणार असाल तर विमानतळावरच्या जाहीरपत्रात प्रत्येक खाद्यपदार्थ लिहा. जैवसुरक्षेबाबत तो देश अत्यंत कडक आहे. नुसतं विसरून राहिलेल्या एका सफरचंदालाही जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

व्हॅनचं घरकामही आधीच समजून घ्यावं. साधारण दोन-तीन दिवसांनी गाडी सांडपाणी टाकण्याच्या ठिकाणी न्यावी लागते. त्याला तिथे डंप स्टेशन म्हणतात. गाडीच्या बाजूचं झाकण उघडून शौचालयाची पेटी ओढून काढायची, चाकं असतील तर सुटकेससारखी ओढत न्यायची, तोंड खाली करून रिकामी करायची, धुवायची, निळं रसायन घालून परत बसवायची. मग सांडपाण्याच्या टाकीची नळी सोडायची, आणि पिण्याचं पाणी भरायचा नळ वेगळा असतो तो नीट वाचून शोधायचा. काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण ते कोण करणार हे कुटुंबात आधीच ठरलेलं बरं, नाहीतर सहलीच्या तिसऱ्याच दिवशी अबोला.

हंगामाचा मुद्दा आपल्या सुट्ट्यांशी थेट जोडलेला आहे, आणि रात्रींचा हिशेब इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा तिथे शरद ऋतू संपत आलेला असतो. मेच्या मध्यावर क्वीन्सटाउनला उजाडायला सकाळचे आठ वाजतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे रात्र चौदा तासांहून मोठी, आणि ती थंड. दोन मुलं, दोन मोठी माणसं आणि ओले बूट यांच्यासह चौदा तास एका व्हॅनमध्ये काढायचे ही कल्पना कागदावर जितकी रम्य वाटते तितकी ती नसते. मोठ्या व्हॅनला स्वतंत्र हीटर असतो. लहान व्हॅनला बहुधा वीजजोडणी घेतल्याशिवाय ऊब नाही. त्यात मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर या काळात हिमकड्यांचा धोका असतो, गाडीत चाकांच्या साखळ्या बाळगाव्या लागतात आणि रस्ता अधूनमधून बंद होतो. कॅस्केड क्रीकचं जे उदाहरण वर व्हॅनच्या बाजूने दिलं, तेच मे महिन्यात बसच्या बाजूने उभं राहतं, कारण त्या रस्त्याचा सराव असलेला चालक आणि संध्याकाळी क्वीन्सटाउनची गरम खोली यांचं मोल तेव्हा वाढलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र तिथे वसंत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेआठच्या सुमारास सूर्यास्त होतो, पण मिलफर्डच्या साखळ्यांची तजवीज तेव्हाही ठेवावी लागते. पुस्तकातली व्हॅनची सहल बघायची तर डिसेंबर ते मार्च; आणि तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्याही भरात असतात, याची नोंद असावी.

वाहन चालवण्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, परदेशात गाडी नकोच. हे भय अनाठायी आहे. तिथेही गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे असतं, आणि इंग्रजीत छापलेल्या भारतीय परवान्यावर पर्यटकाला गाडी चालवता येते. दुसरं म्हणतं, वरंधा नि आंबेनळी घाट चढणाऱ्याला तिथे काय अवघड. हेही पुरतं खरं नाही. तिथले बहुतेक महामार्ग दोन पदरी आणि वळणांचे आहेत, त्यांवर एकेरी पूल आहेत. तिथे कोणी थांबायचं हे बाणांच्या पाटीवरून ठरतं, हॉर्नवरून नाही. उंच व्हॅनला आडवा वारा ढकलतो. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घेऊन वाट द्यायची असते, न दिल्यास लोक पोलिसांना फोन करतात. नकाशा चार तास म्हणाला तर व्हॅनला पाच धरा. आणि जो चालवतो त्याला डोंगर दिसत नाहीत, रस्ता दिसतो. घरात चालवणारं एकच माणूस असेल तर ती त्या माणसाची सुट्टी राहत नाही. तीन आठवडे तो ड्रायव्हरच. बसचा चालक कायद्याने साडेपाच तासांच्या कामानंतर अर्धा तास थांबतोच. कुटुंबातल्या चालकाला हा नियम कोणी लावत नाही.

एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: व्हॅन आणि बस यांत अडकायचंच कशाला, छोटी कार घ्या आणि मोटेलमध्ये किंवा हॉलिडे पार्कच्या केबिनमध्ये राहा. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर मी हाच सल्ला देईन. व्हॅनमधल्या वरच्या पलंगावर शिडीने चढणं, रात्री अंधारात उतरणं, बसल्या जागी बिछाना मोडून टेबल करणं, हे सत्तरीच्या गुडघ्यांचं काम नाही. लहान मुलांच्या बाबतीतही व्हॅनच्या सगळ्या आसनांवर बालआसन बसतं असं नाही, आणि सात वर्षांखालच्या मुलाला ते बंधनकारक आहे. आरक्षणाआधी हे विचारून घ्या. पण कारलाही मर्यादा तीच, रात्रीची. व्हाइट हॉर्स हिलला केबिन नाही, कॅस्केड क्रीकला मोटेल नाही. तुमच्या यादीत अशा रात्री दोनच असतील तर कार घ्या आणि तेवढं सोडून द्या.

यादी करून पाहिल्यावर पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येतं की गावातल्या रात्री उत्तरेत आणि गावाबाहेरच्या दक्षिणेत गोळा झाल्या आहेत. मग सगळ्या सहलीला एकच वाहन कशाला? ऑकलंडला उतरा, रोटोरुआ, तौपो, वेलिंग्टन बसने करा. दोन बेटांमधली कुकची सामुद्रधुनी नौकेने, गाडी नसलेल्या प्रवाशाच्या तिकिटावर ओलांडा. वेलिंग्टन ते पिक्टन सुमारे साडेतीन तास. नौकेत गाडीचं भाडं लांबीवर असतं, त्यामुळे मोठी व्हॅन आणि चार माणसं यांचं एका खेपेचं तिकीट डोळे पांढरे करतं. ते सगळं वाचलं. पिक्टनहून बस किंवा कोस्टल पॅसिफिक रेल्वेने क्राइस्टचर्च, आणि व्हॅन तिथून घ्या, आठ-दहा रात्रींसाठी, तिथेच परत करण्याच्या बोलीवर. टेकापो, माउंट कुक, वानाका, ते आनाउ, मिलफर्ड, आणि वेळ असेल तर हास्टच्या खिंडीतून पश्चिम किनारा, हा फेरा त्यात बसतो. क्वीन्सटाउनला दोन रात्री राहणार असाल तर व्हॅन गावाबाहेरच्या पार्कात लावून गावात स्थानिक बसनेच जा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. आतून-बाहेरून, विशेषतः छताचे आणि खालच्या भागाचे फोटो काढा, कारण या दोन ठिकाणची मोडतोड बऱ्याच कंपन्यांच्या विम्यात येत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता आणि उत्तरेचा नाइन्टी माइल बीच यांवर भाड्याची गाडी नेली तर विमा रद्दच. बंदी असलेल्या रस्त्यांची पूर्ण यादी करारात असते, ती वाचा. हिरव्या चिठ्ठीची मुदत, गॅसची टाकी, सांडपाण्याची नळी, मोसमात साखळ्या, हे स्वतः पाहून घ्या. नाताळपासून जानेवारीअखेरपर्यंत तिथले लोक स्वतःच सुट्टीवर असतात, तेव्हा तळांचं आणि नौकेचं आरक्षण काही महिने आधी लागतं. आणि शेवटची रात्र व्हॅनच्या भाड्यात धरू नका. गाडी टाक्या रिकाम्या करून, आतून पुसून, बहुधा दुपारी चारच्या आत परत करावी लागते, आणि चौघांच्या बॅगा व्हॅनमध्ये भरून पहाटेचं विमान गाठणं जमत नाही. ती रात्र क्राइस्टचर्च विमानतळाजवळच्या मोटेलमध्ये घ्या.